जनुकाचे नाव आणि पेशीचे गाव

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. त्यांच्या धाकट्या भावाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता आणि तो यकृतापर्यंत पसरला होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून घरच्यांनी गाठीची जनुकीय तपासणी करून घेतली होती. त्या तपासणीचा जाडजूड अहवाल घेऊन स्नेही आणि त्यांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले. मुलगा संगणक अभियंता. काकांच्या अहवालातल्या एका ओळीखाली त्याने लाल शाईने दोनदा रेघ मारली होती : 'बी-रॅफ जनुक, व्ही ६०० ई उत्परिवर्तन आढळले.' रात्रभर जागून त्याने या उत्परिवर्तनाविषयी वाचले होते. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात हेच उत्परिवर्तन असते आणि त्यावर नेमकी लागू पडणारी गोळी आहे, असे त्याला आढळले होते. तिच्यामुळे गाठी भराभर आक्रसल्याची छायाचित्रेही त्याने पाहिली होती.

'जनुक तेच, बिघाड तोच, मग डॉक्टर ही गोळी का देत नाहीत?' हा त्याचा प्रश्न होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी 'या गोळीचा एकटीचा तुम्हाला उपयोग नाही' एवढेच सांगून विषय मिटवला होता. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना त्यांना त्याहून अधिक बोलायला सवड नसावी. पण घरात त्याचा अर्थ निराळा लागला. आपली ऐपत पाहून डॉक्टर औषध टाळत आहेत, असे सर्वांना वाटू लागले. दागिने मोडण्याची आणि गावाकडची जमीन विकण्याची भाषा सुरू झाली होती.

मी काही डॉक्टर नव्हे. विज्ञानाविषयी वाचणारा आणि लिहिणारा माणूस. तरीही एवढे सांगू शकलो की, डॉक्टर बरोबर होते. मात्र ते का बरोबर होते, हे समजावताना माझा अर्धा दिवस गेला. तेच आज जरा विस्ताराने मांडावे असे वाटते. कारण हा प्रश्न त्या एका घराचा राहिलेला नाही. गाठीच्या जनुकांची तपासणी आता मोठ्या शहरांतच नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही सुचवली जाऊ लागली आहे. 'जनुक सापडले की औषध सापडले' ही समजूतही तिच्याबरोबर पसरते आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

या समजुतीचा उगम एका थोर शोधात आहे. १९८२ साली अमेरिकेतील संशोधकांना मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींमधील 'रास' नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल आढळला. आपल्या आनुवंशिक मजकुरात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. त्यांपैकी एक बदलले आणि पेशीला वाढण्याची आज्ञा देणारे प्रथिन कायमचे चालू स्थितीत अडकले. शतकानुशतके गूढ राहिलेल्या रोगाचे मूळ इतके नेमके दिसावे, याने सारे जग थक्क झाले. कर्करोग हा जनुकांचा रोग आहे, हे वाक्य तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत बसले. ते चुकीचे नाही. पण जनुक कुठे बिघडले, कोणत्या अवयवाच्या कोणत्या पेशीत, हा प्रश्न त्या वाक्याच्या झळाळीत मागे पडला.

बी-रॅफची कथा त्यानंतर वीस वर्षांनी सुरू होते. २००२ साली इंग्लंडमधील सँगर संस्थेच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी जाहीर केले की, मेलानोमाच्या निम्म्याहून अधिक गाठींमध्ये हे जनुक बिघडलेले असते. बहुतेक ठिकाणी बिघाडही एकच : प्रथिनाच्या साखळीतील सहाशेव्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते. 'व्ही ६०० ई' या सांकेतिक नावाचा अर्थ एवढाच. त्या बिघडलेल्या प्रथिनाच्या खाचेत बरोबर बसणारे वेम्युराफेनिब हे औषध तयार झाले. २०११ साली त्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा जुन्या रसायनोपचाराने अवघ्या ५ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या होत्या, तर नव्या गोळीने ४८ टक्के रुग्णांच्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली. त्या मुलाने पाहिलेली छायाचित्रे खोटी नव्हती.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही दर शंभरांपैकी आठ-दहा रुग्णांत हेच उत्परिवर्तन आढळते, आणि त्यांचा आजार इतरांहून आक्रमक असतो. साहजिकच तीच गोळी त्यांनाही देऊन पाहण्यात आली. एकवीस रुग्णांपैकी फक्त एकाची गाठ म्हणण्यासारखी आक्रसली. प्रथिन तेच, खाच तीच, गोळी तीच. पण एकीकडे निम्मे रुग्ण आणि दुसरीकडे एकवीसांत एक! गोळी तर आपल्या जागी बसत होती. मग चुकत कुठे होते?

उत्तर २०१२ साली मिळाले, ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेतील रेने बर्नार्ड्स यांच्या गटाकडून. अमेरिकेतही स्वतंत्रपणे त्याच सुमारास तेच दिसून आले. बी-रॅफ हे प्रथिन पेशीत एकटे काम करीत नाही. पेशीच्या बाहेरून आलेला 'वाढ' हा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे देणाऱ्या साखळीतली ती एक कडी आहे. साखळीच्या तोंडाशी, पेशीच्या आवरणावर, ईजीएफआर नावाचे ग्राहक-प्रथिन असते. साखळी जोरात चालू असली की तिच्या टोकाकडून उलटा निरोप येतो आणि तोंडाशी असलेल्या या ग्राहकाला दाबून ठेवतो. घरातली टाकी भरली की तरंगता गोळा नळ बंद करतो, तसेच हे. औषधाने बी-रॅफ थोपवले की टाकी रिकामी होते, दाब सुटतो आणि ईजीएफआरचा नळ पुन्हा सुरू होतो. निरोप दुसऱ्या वाटेने पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो आणि गाठ वाढतच राहते.

हे आतड्याच्या पेशीत घडते, कारण तिच्या आवरणावर ईजीएफआरची रेलचेल असते. आतड्याच्या अस्तराचे कामच सतत झिजण्याचे आणि भरून येण्याचे. त्यासाठी तिला हा नळ लागतो. मेलानोमा ज्या रंगपेशींतून उद्भवतो, त्यांचे कूळच वेगळे. गर्भावस्थेत मज्जारज्जूच्या कडेने निघून त्या त्वचेत येऊन स्थायिक होतात. त्यांच्यावर हा ग्राहक फारच थोडा असतो. दाब सुटला तरी उघडायला नळच नाही, म्हणून तिथे गोळी लागू पडते. औषधाच्या यशापयशाचा निर्णय उत्परिवर्तनाने केला नाही. पेशीच्या कुळाने आणि तिच्या रोजच्या कामाने केला.

हे कळल्यावर उपायही सुचला : बी-रॅफ आणि ईजीएफआर दोन्ही एकाच वेळी थोपवायचे. ६६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एन्कोराफेनिब व सेटुक्सिमॅब या जोडीला मान्यता मिळाली. पुढे हीच जोडी रसायनोपचारासह आजाराच्या आरंभापासून दिली तर काय होते, हे तपासले गेले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जगण्याचा मध्य कालावधी जुन्या उपचाराने सुमारे १५ महिने, तर नव्या उपचाराने सुमारे ३० महिने भरला. म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या भावासाठी काहीच नव्हते असे नाही. मात्र जे होते ते आतड्याच्या पेशीचा स्वभाव ओळखून रचलेले होते. मेलानोमावरून उचललेले नव्हते.

इथवर झाली औषधाची गोष्ट. पण पेशीचा हा अधिकार औषधापुरता नाही. कर्करोग होणार की नाही, इथपासून तो चालतो.

वाचकांनी आपल्या हातावरचा किंवा पाठीवरचा एखादा तीळ पाहावा. अशा बहुसंख्य तिळांमध्ये बी-रॅफचे हेच उत्परिवर्तन असते. २००३ साली झालेल्या तपासणीत ते सुमारे ८० टक्के तिळांत आढळले. म्हणजे ज्या बिघाडाला आपण कर्करोगाचा जनक म्हणतो, तो बाळगत कोट्यवधी माणसे सुखाने म्हातारी होतात! तिळातल्या रंगपेशी काही काळ वाढतात आणि मग थांबतात. जणू पेशी स्वतःच धोका ओळखून निवृत्ती पत्करते. दुसरीकडे 'केसाळ पेशींचा' म्हणून ओळखला जाणारा एक विरळा रक्ताचा कर्करोग आहे. २०११ साली इटलीतील संशोधकांनी दाखवले की, त्याच्या जवळजवळ सर्व रुग्णांत हेच उत्परिवर्तन असते. एकच बिघाड त्वचेत बहुधा तीळ होऊन राहतो आणि रक्तात आजाराचा पाया होतो.

मग तीळ तीळच का राहतो आणि क्वचित एखाद्या रंगपेशीचा मेलानोमा का होतो? न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली याचा छडा लावण्यासाठी मानवी मूलपेशींपासून रंगपेशीच्या आयुष्यातील वेगवेगळ्या अवस्था प्रयोगशाळेत घडवल्या आणि प्रत्येकीत बी-रॅफचा बिघाड घातला. कोवळ्या, घडत असलेल्या पेशींनी गाठी केल्या. पूर्ण पिकलेल्या रंगपेशींनी केल्या नाहीत. जनुकाचा मजकूर दोन्हीकडे अक्षरशः एक होता. फरक होता तो त्या मजकुराची कोणती पाने उघडी आणि कोणती मिटलेली, याचा. कोवळ्या पेशीत वाढीची पाने उघडी असतात, पिकलेल्या पेशीत ती बंद झालेली असतात.

आपल्या घरातले उदाहरण द्यायचे तर विरजणाचे देता येईल. विरजण दुधाला लागते, पाण्याला लागत नाही. दुधालाही ते कोमट असतानाच लागते. गार दुधात घातले तर सकाळी दूधच हाती येते. दही लागले नाही म्हणून कुणी केवळ विरजणाला दोष देत नाही. कर्करोगाच्या बाबतीत मात्र आपण चाळीस वर्षे विरजणाचाच अभ्यास केला आणि दुधाकडे आता कुठे वळलो आहोत.

अशी उदाहरणे किती द्यावीत? आर-बी हे जनुक शरीरातील झाडून साऱ्या पेशींना आवर घालते. जन्मतःच त्याची एक प्रत बिघडलेली असलेल्या बालकाच्या प्रत्येक पेशीत तो बिघाड असतो. तरीही कर्करोग आधी होतो तो डोळ्याच्या पडद्याचा. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी घडत असताना त्यांच्या अंगी मुळातच वाढीची अशी काही तयारी असते की, हा एक लगाम सुटताच त्या उधळतात, असे २०१४ साली दिसून आले. अन्ननलिकेची गोष्ट तर बुद्धीला चक्रावणारी आहे. नॉच-१ या जनुकाचे उत्परिवर्तन अन्ननलिकेच्या कर्करोगात सापडते, म्हणून ते दोषी मानले जात होते. २०१८ साली निरोगी अन्ननलिकेची बारकाईने तपासणी झाली. उतारवयातील निरोगी अस्तरात हे उत्परिवर्तन कर्करोगाच्या गाठींपेक्षाही अधिक प्रमाणात आढळले. पुढच्या प्रयोगांवरून तर ते गाठीच्या वाढीला अडथळाच करते, असे दिसते. गुन्ह्याच्या जागी उभा असलेला प्रत्येक इसम गुन्हेगार नसतो, हे पोलिसांप्रमाणे जनुकशास्त्रज्ञांनाही शिकावे लागले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अवयव न पाहता केवळ जनुकीय खूण पाहून औषध द्यावे, हा विचार टाकाऊ मुळीच नाही. २०१७ च्या मे महिन्यात अमेरिकेने अशी पहिली परवानगी दिली. डीएनएतील चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडलेल्या गाठींसाठी, मग ती गाठ कुठल्याही अवयवाची असो. २०१८ साली लॅरोट्रेक्टिनिब हे औषध आले. सतरा प्रकारच्या कर्करोगांच्या ५५ रुग्णांत त्याने ७५ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या. तिथे बिघाड इतका प्रबळ असतो की पेशीचे कूळ कोणते, याने फारसे बिघडत नाही. अशा रुग्णांना तपासणी नाकारणे हा अन्याय होईल. पण हे अपवाद आहेत की नियम, हाच कळीचा मुद्दा आहे. २०२२ च्या जूनमध्ये बी-रॅफविरोधी औषधांच्या एका जोडीला 'कुठल्याही अवयवातील' गाठींसाठी परवानगी मिळाली, तेव्हा परवानगीतच एक अपवाद नोंदवलेला होता : मोठ्या आतड्याचा कर्करोग वगळून! अवयवनिरपेक्ष म्हणवणाऱ्या परवानगीला एका अवयवाचे नाव घ्यावे लागले, यातच सारे आले.

हाच अनुभव के-रास या जनुकाचा. त्याच्या एका विशिष्ट उत्परिवर्तनावरील सोटोरासिब या गोळीने फुप्फुसाच्या कर्करोगात ३७ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात जेमतेम १० टक्के. तिथेही ईजीएफआर थोपवणाऱ्या औषधाची जोड द्यावी लागली आणि त्या जोडीला २०२५ च्या जानेवारीत परवानगी मिळाली. दहा वर्षांत तोच धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला.

आपल्या दृष्टीने यातून काय निघते? पहिली गोष्ट संशोधनाची. पेशीचा आणि तिच्या परिसराचा एवढा प्रभाव असेल, तर परदेशातील गाठींचे निष्कर्ष आपल्या गाठींना जसेच्या तसे लागू होतील असे धरून चालता येणार नाही. गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरड्यांचा कर्करोग हा तंबाखू-चुन्याची गोळी तासन्‌तास गालात धरणाऱ्या आपल्या देशाचा खास रोग. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग बव्हंशी जिभेचा आणि तोंडाच्या तळाचा. नवी मुंबईत खारघरला असलेल्या टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' या संस्थेने पश्चिम बंगालमधील कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेसह या गाठींच्या जनुकांचा आराखडा २०१३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात सर्वत्र आढळणाऱ्या बिघाडांबरोबरच काही नवी जनुकेही निघाली. मेलानोमाचेही तसेच. गोऱ्या लोकांत तो उन्हाने भाजलेल्या त्वचेवर होतो. आपल्याकडे मुळात तो कमी, आणि होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली. तिथे बी-रॅफचे प्रमाण बरेच कमी असते. तळपायाच्या रंगपेशी पाठीच्या रंगपेशींहून निराळ्या का वागतात, याचा माग २०२२ साली लागला : शरीरातले आपले स्थान त्या पेशीच्या स्मरणात कोरलेले असते आणि त्यावरून कोणते जनुक तिला भोवणार हे ठरते. एकाच जातीच्या पेशीचे पाठीवर एक आणि तळपायाला दुसरे! असले संशोधन आपल्यासाठी परदेशात कुणी करून ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट धोरणाची. २०२४ च्या जुलैतील केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन महागड्या औषधांवरील आयातशुल्क माफ झाले आणि पुढच्या वर्षी ही यादी वाढली. हे स्वागतार्हच. पण औषध स्वस्त होणे आणि ते योग्य रुग्णाला मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी जनुके वाचणाऱ्या यंत्राबरोबर गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 'ही पेशी मूळची कुठली' हे सांगणारा अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ लागतो. यंत्र विकत आणता येते. तो माणूस घडवायला वर्षे लागतात. जनुकयुगात त्याचे काम संपेल अशी भाकिते मी ऐकली आहेत. प्रत्यक्षात बी-रॅफच्या अनुभवाने त्याचे महत्त्व वाढवले आहे.

आणि तिसरी गोष्ट संवादाची. प्रयोगशाळेच्या अहवालात उत्परिवर्तनासमोर औषधाचे नाव छापलेले असते. ते औषध कोणत्या अवयवाच्या गाठीत सिद्ध झाले, हे पुष्कळदा बारीक टाइपात आणि इंग्रजीत असते. घाबरलेल्या माणसाच्या नजरेला ते पडत नाही. अहवालाच्या पहिल्या पानावरच, ठळक अक्षरांत आणि शक्य तर रुग्णाच्या भाषेत, 'हे औषध तुमच्या अवयवाच्या कर्करोगात तपासलेले आहे' किंवा 'तपासलेले नाही' एवढे एक वाक्य छापण्याची सक्ती करायला फारसा खर्च येणार नाही. घरच्यांनीही डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : हे औषध याच अवयवाच्या गाठीत तपासले आहे का? शंभरांपैकी किती जणांना गुण आला? आणि ते एकटे द्यायचे की कशाच्या जोडीने? डॉक्टरांना दोन मिनिटेच मिळणार असतील, तर ती दोन मिनिटे या उत्तरांसाठी खर्ची पडावीत.

स्नेह्यांच्या मुलाला मी टाकीचे आणि नळाचे चित्र कागदावर काढून दाखवले. तो हुशार, लगेच समजला. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, मग डॉक्टरांनी हे असंच का नाही सांगितलं? आम्ही त्यांच्याविषयी घरात काय काय बोललो!" दुसऱ्या आठवड्यात दोघे पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेले. या वेळी ते तीन प्रश्न लिहूनच घेऊन गेले होते. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि औषधांच्या जोडीविषयी, तिच्या खर्चाविषयी आणि तिच्या मर्यादांविषयी पाऊण तास बोलले. उपचार सुरू झाले. ते किती काळ साथ देतील हे आज कुणी सांगू शकत नाही, आणि तसे कुणी सांगितलेलेही नाही. पण चुकीच्या गोळीसाठी निघालेली जमीन तूर्त विकावी लागलेली नाही, आणि डॉक्टरांवरचा त्या घराचा विश्वास परत आला आहे.